मारामारीच्या सिनेमातली आई

बाळंतपणासाठी लेक ओझरला आलीय. तिनं हट्टानं 'किल बिल'चे दोन्ही भाग दाखवले. पहिल्यात (२००३) नुसत्या तलवारी आणि रक्ताची कारंजी! "पुरे गं बाई," म्हणत मी मेथी निवडायला घेतली.

२००४ चा दुसरा भाग मात्र वेगळा. विमान कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे 'हे' म्हणाले, "यात नुसत्या गप्पाच!" खरंच आहे ते. टॅरँटिनोनं एकच मोठा सिनेमा दोन भागांत तोडला. मारामारी पहिल्याच्या वाट्याला, माणसं दुसऱ्याच्या. पण जिवंत पुरलेली नायिका, उमा थर्मन, गुरू पाय मेईनं शिकवलेल्या ठोशानं पेटी फोडून वर येते, तेव्हा मेथी माझ्या हातातच राहिली.

आणि हॉटेलातला तो प्रसंग! दिवस गेल्याचं तिला नुकतंच कळतं, तोच दारात मारेकरीण. दोघींच्या बंदुका रोखलेल्या, आणि ही तिला चाचणीची पट्टी बघायला सांगते! ती बघते, अभिनंदन करते नि निघून जाते. मला हसू आलं, लेक गप्प. दिवस राहताच तिनं मुलींचा कराटेचा वर्ग बंद केला होता. सासरच्यांपेक्षा मीच जास्त मागे लागले होते.

नायिकाही पोटच्या पोरीसाठी हत्यार सोडते. पुन्हा उचलते, तेही पोर गेली असं समजून.

"आई, सव्वा महिन्यानंतर वर्ग सुरू करू?"

"तीन महिने तरी होऊ देत," मी म्हटलं. "मग बाळाला मी बघीन."