जमा आणि नावे

ज्या देशाला जिंकण्याची सवय जडलेली आहे, त्या देशाच्या नागरिकाने हरणाऱ्या संघाच्या मागे वर्षानुवर्षे का उभे राहावे, हा प्रश्न वरकरणी खेळाचा वाटतो. प्रत्यक्षात तो निष्ठेचा आहे. ऑलिंपिकच्या पदकतालिकेत अमेरिकेचे नाव शोधावे लागत नाही. परंतु जगातील सर्वाधिक लोक ज्या खेळावर जीव टाकतात, त्या फुटबॉलच्या पुरुषांच्या विश्वचषकात ही महासत्ता बलाढ्य संघांच्या पंक्तीला बसू शकलेली नाही. खेळाचे नावसुद्धा तेथे या खेळाच्या वाट्याला आले नाही. बहुतांशी हातांनी खेळल्या जाणाऱ्या दुसऱ्याच एका खेळाने 'फुटबॉल' हे नाव घेतले आणि पायांनी खेळल्या जाणाऱ्या खेळाला 'सॉकर' म्हणवून घ्यावे लागले.

अशा देशातील सॉकरप्रेमी हा म्हणूनच एक निराळा माणूस असतो. दर चार वर्षांनी जून महिना आला की तो आपल्या बलाढ्य देशाला लहान झालेले पाहतो. आपल्या अंगणात थोरला असलेला माणूस परगावच्या बाजारपेठेत गेला, की तेथे त्याची पत शून्यापासून सुरू होते. हा अनुभव व्यापारी घरांना अपरिचित नाही. अमेरिकन प्रेक्षकाला विश्वचषक तोच अनुभव देतो, आणि तो जर प्रामाणिक असेल, तर हिशेबाची एक वही त्याच्या मनात आपोआप उघडली जाते.

या वहीचे पहिले पान विलक्षण आहे. १९३० साली उरुग्वे येथे पहिला विश्वचषक भरला, तेव्हा अमेरिकेने बेल्जियम आणि पॅराग्वे या दोघांनाही ३-० असे हरवून उपांत्य फेरी गाठली. पॅराग्वेविरुद्ध बर्ट पॅटनॉड याने केलेले तीन गोल ही विश्वचषकातील पहिली हॅट्‌ट्रिक होय, असे जागतिक महासंघाने २००६ साली, म्हणजे तब्बल शहात्तर वर्षांनी मान्य केले. उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने अमेरिकेला ६-१ असे धुऊन काढले. तरीही पुरुष संघाची आजवरची सर्वोत्तम कामगिरी तीच राहिली आहे.

दुसरे पान १९५० सालचे, ब्राझीलचे. त्या स्पर्धेत भारतालाही स्थान मिळाले होते, परंतु भारताने माघार घेतली. अमेरिकेचा संघ गेला तो मात्र कामधंद्यातून सवड काढून आलेल्या माणसांचा होता. वॉल्टर बार हा शाळेत शिक्षक होता. गोलरक्षक फ्रँक बोर्गी अंत्यविधीची गाडी चालवीत असे. आणि हैतीहून हिशेबशास्त्र शिकण्यासाठी आलेला जो गेटजेन्स न्यूयॉर्कमधील एका उपाहारगृहात भांडी घाशीत असे. २९ जून रोजी बेलो होरिझोंते येथे या संघाने इंग्लंडला १-० असे हरवले. गोल गेटजेन्सने केला; तो तेव्हा अमेरिकेचा नागरिकही नव्हता. हा सामना पाहण्यासाठी अमेरिकेतून एकच बातमीदार आला होता, सेंट लुईसच्या एका दैनिकाचा डेंट मॅक्स्किमिंग. आणि तोही रजा काढून, स्वखर्चाने. पुढे गेटजेन्स मायदेशी परतला. १९६४ साली तेथील हुकूमशाहीच्या माणसांनी त्याला उचलून नेले, आणि त्यानंतर तो कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. ज्या देशाला त्याने सर्वांत मोठा विजय मिळवून दिला, त्या देशात तो दिवस साजरा करणारे त्या वेळी जवळजवळ कोणीही नव्हते.

त्यानंतर चाळीस वर्षे वही कोरी राहिली. १९५४ ते १९८६ या काळातील नऊ स्पर्धांत अमेरिकेला प्रवेशच मिळाला नाही. खेळ लोकांपर्यंत पोहोचत नव्हता, त्याला एक व्यापारी कारणही होते. सॉकरमध्ये पंचेचाळीस मिनिटे खेळ अखंड चालतो. जाहिरातींसाठी मधे विसावा नाही. दूरचित्रवाणीच्या अर्थकारणाला हे मानवत नव्हते. १९९० साली विश्वचषकाच्या इंग्रजी प्रक्षेपणात खेळ चालू असतानाच जाहिराती दाखवल्या जात, आणि जाहिरात संपेपर्यंत गोल झालेलाही असे. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा न जाणणारे कित्येक प्रेक्षक म्हणून स्पॅनिश वाहिनीकडे वळत. शब्द कळत नसत. पण समालोचकाचा आवाज चढला, की काय होऊ घातले आहे ते कळे. १९९४ साली जाहिरातदाराचे चिन्ह पडद्यावरील घड्याळाशेजारी ठेवण्याची युक्ती निघाली, आणि हा पेच सुटला.

चाळीस वर्षांचा उपवास सुटला तो १९ नोव्हेंबर १९८९ रोजी, त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन येथे. यजमानांना केवळ बरोबरी पुरेशी होती. सारे क्रीडांगण लाल पोशाखांनी भरून गेले होते. एवढ्या चिमुकल्या देशाचा विश्वचषकातील पहिला प्रवेश नव्वद मिनिटांच्या अंतरावर होता. पॉल कॅलिजुरी याने सुमारे तीस यार्डांवरून डाव्या पायाने मारलेला चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात उतरला आणि अमेरिका १-० अशी जिंकली. अमेरिकन वहीत ही सर्वांत मोठी जमा. परंतु त्याच रकमेची दुसरी नोंद दुसऱ्या कोणाच्या तरी खाती नावे पडली होती, हे विसरून चालत नाही. त्या दिवशी त्रिनिदादच्या प्रेक्षकांनी पराभव इतक्या शांतपणे स्वीकारला, की जागतिक महासंघाने खिलाडूवृत्तीचा त्या वर्षीचा पुरस्कार त्या प्रेक्षकांनाच दिला.

१९९४ साली विश्वचषक अमेरिकेतच भरला. ज्यांना या खेळाचे प्रेम नाही असे म्हटले जात होते, त्या देशात सुमारे ३६ लाख प्रेक्षक क्रीडांगणांत आले. एकूण उपस्थितीचा तो विक्रम ठरला. २२ जून रोजी अमेरिकेने कोलंबियाला २-१ असे हरवले. विश्वचषकातील हा चव्वेचाळीस वर्षांनंतरचा पहिला विजय. त्यातील पहिला गोल कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार याचा स्वयंगोल होता. अमेरिकन खेळाडूने मारलेला चेंडू अडवण्यासाठी त्याने स्वतःला जमिनीवर झोकून दिले आणि चेंडू त्याच्याच जाळ्यात गेला. क्रीडांगणात जल्लोष उसळला. दहा दिवसांनी, २ जुलै रोजी, मेडेयीन शहरात त्याची गोळ्या झाडून हत्या झाली.

प्रेक्षकाचा यात काही दोष नव्हता. तरीही त्या गोलावर नाचलेल्या माणसाला तो आनंद पुन्हा पहिल्यासारखा आठवता येत नाही. आपल्या लाभाच्या क्षणी समोरच्या माणसाचे काय होत असते, हा प्रश्न त्या दिवशी अनेकांच्या मनात प्रथमच उभा राहिला, आणि ज्याच्या मनात तो एकदा उभा राहिला, त्याच्या टाळीचा सूरच बदलला. चार वर्षांनी फ्रान्समधील लिआँ येथे इराणच्या खेळाडूंनी सामन्यापूर्वी अमेरिकन खेळाडूंच्या हाती पांढरी फुले दिली, दोन्ही संघांनी मिसळून छायाचित्र काढले आणि मग इराणने २-१ असा विजय मिळवून अमेरिकेला स्पर्धेबाहेर काढले. विश्वचषकातील इराणचा हा पहिलाच विजय. २०२२ साली दोहा येथे उलट घडले. अमेरिका १-० अशी जिंकली; आणि खेळ संपल्यावर अमेरिकेचा अँटनी रॉबिन्सन रडणाऱ्या इराणी खेळाडूला कवेत घेऊन उभा राहिला. दोन राष्ट्रांच्या सरकारांना चार दशकांत जे साधले नाही, ते दोन थकलेल्या तरुणांनी काही क्षणांपुरते साधले.

निष्ठेची खरी परीक्षा २००२ साली झाली. स्पर्धा कोरिया आणि जपानमध्ये होती. पोर्तुगालविरुद्धचा सामना न्यूयॉर्कच्या घड्याळाने पहाटे पाच वाजता, तर मेक्सिकोविरुद्धचा रात्री अडीच वाजता होता. गजर लावून उठायचे, घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून आवाज बंद ठेवायचा, अंधारात एकट्याने मुठी आवळायच्या आणि सकाळी कामावर जाऊन ज्यांना या गोष्टीचा गंधही नाही अशा सहकाऱ्यांमध्ये बसायचे, असा तो महिना होता. पोर्तुगालला ३-२ असे आणि मेक्सिकोला २-० असे हरवून संघ उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. तेथे जर्मनीने १-० अशी मात केली. मात्र त्या सामन्यात गोलरेषेवर चेंडू टॉर्स्टन फ्रिंग्ज याच्या हाताला लागला होता आणि पंचांनी पेनल्टी दिली नाही. हा अन्याय अमेरिकन प्रेक्षक आजही व्याजासह सांगतो.

येथेच वही तपासावी लागते. चारच दिवसांपूर्वी, मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात, अमेरिकेच्या जॉन ओब्रायनचा हात आपल्याच गोलक्षेत्रात चेंडूला लागला होता. पंचांनी तेही पाहिले नव्हते. त्याच स्पर्धेत पोलंडकडून ३-१ असा मार खाऊनही अमेरिका पुढे गेली, ती दक्षिण कोरियाने पोर्तुगालला हरवल्यामुळे. फ्रिंग्जचे येणे लिहायचे आणि ओब्रायनचे व कोरियाचे देणे गाळायचे, ही वही कोणताही जाणता मुनीम मंजूर करणार नाही. पराभवाची तक्रार करण्याचा अधिकार ज्याला हवा, त्याने आपल्या विजयातील दुसऱ्यांचा वाटाही त्याच शाईने लिहावा लागतो.

मेक्सिकोचे खाते तर सर्वांत गुंतागुंतीचे. २०११ साली लॉस एंजेलिसजवळच्या रोझ बोल क्रीडांगणात उभय देशांत प्रादेशिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. ९३,४२० प्रेक्षकांपैकी बहुसंख्य मेक्सिकोच्या हिरव्या पोशाखात होते. दोन गोलांची आघाडी गमावून अमेरिका ४-२ अशी हरली आणि बक्षीससमारंभ स्पॅनिशमध्ये झाला. आपल्याच भूमीवर परके झाल्याची भावना काहींना झोंबली. पण हिरव्या पोशाखातील बहुतेक माणसे त्याच शहरांत राबणारी, कर भरणारी, मुले वाढवणारी होती. ज्या घरात वडील मेक्सिकोसाठी ओरडतात आणि मुलगा अमेरिकेसाठी, त्या घरातला पेच स्थलांतरित कुटुंबांना समजावून सांगावा लागत नाही. जन्मभूमी आणि कर्मभूमी यांच्यापैकी एकीवर प्रेम केले म्हणजे दुसरीशी बेइमानी झाली, असे मानण्याचे कारण नाही. २०१३ साली, स्वतःचा प्रवेश निश्चित झालेला असतानाही, अमेरिकेने पनामामध्ये अखेरच्या क्षणी दोन गोल करून सामना जिंकला, आणि त्यामुळेच बाहेर फेकल्या जाणाऱ्या मेक्सिकोची आशा जिवंत राहिली. मुद्दाम हरून शेजाऱ्याचा काटा काढणे सहज शक्य होते. संघाने तसे केले नाही.

मग १० ऑक्टोबर २०१७ उजाडला. स्थळ पुन्हा त्रिनिदाद. या वेळी कूव्हा गाव. या वेळी बरोबरी पुरेशी होती ती अमेरिकेला. चारच दिवसांपूर्वी पनामाला ४-० असे नमवलेला संघ गुणतालिकेत तळाला असलेल्या यजमानांकडून २-१ असा हरला. पहिला गोल अमेरिकेचाच स्वयंगोल होता. त्याच रात्री पनामा आणि होंडुरास आपापले सामने जिंकले आणि सलग सात विश्वचषक खेळलेली अमेरिका आठव्याला मुकली. अठ्ठावीस वर्षेही उलटली नव्हती. त्रिनिदादच्या लाल गर्दीने १९८९ साली जे सोसले, ते आता अमेरिकन प्रेक्षकाच्या घरी आले.

त्यानंतर जे घडले ते अधिक बोलके आहे. २०१८ सालच्या स्पर्धेची तिकिटे यजमान रशियाखालोखाल सर्वाधिक विकत घेतली, ती अमेरिकेत राहणाऱ्या लोकांनी. स्वतःचा संघ नसताना माणसे एवढा खर्च करून दूरदेशी गेली. कोणी आजोबांच्या देशासाठी गेले, कोणी केवळ उत्तम खेळ पाहण्यासाठी. विजयाच्या आशेवरच ही आवड उभी असती, तर ती त्या ऑक्टोबरमध्ये कोसळायला हवी होती.

या सर्व काळात त्याच देशाच्या महिला संघाने १९९१, १९९९, २०१५ आणि २०१९ असे चार विश्वचषक जिंकले, हेही सांगितले पाहिजे. शिक्षणसंस्थांत मुलींना समान संधी देणारा १९७२ सालचा कायदा त्यामागे होता. १० जुलै १९९९ रोजी चीनविरुद्धचा अंतिम सामना पाहण्यास ९०,१८५ प्रेक्षक जमले होते. तरीही मोबदल्यात पुरुषांचा वाटा मोठा राही. दीर्घ लढ्यानंतर २०२२ साली करार झाला आणि विश्वचषकांतून मिळणारे बक्षीस दोन्ही संघांनी एकत्र करून समान वाटून घ्यावे, असे ठरले. एकाच घरातील मुलामुलींच्या नावावर समान हिस्सा लिहिला जावा, तसाच हा व्यवहार आहे.

२०२६ सालच्या स्पर्धेचे यजमानपद अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा या तिघांकडे मिळून आले, संघांची संख्या ४८ झाली. जुन्या सॉकरप्रेमीला याचा आनंद आहे. पण नव्याने येणाऱ्या प्रेक्षकाला तो आधी विजयांची यादी वाचून दाखवत नाही. तो त्याला भांडी घासणाऱ्या गेटजेन्सची गोष्ट सांगतो, मग एस्कोबारची, मग त्रिनिदादच्या त्या लाल पोशाखातील माणसांची, ज्यांनी आयुष्यातील सर्वांत मोठा पराभव पाहिला आणि प्रतिपक्षाला निंदेचा शब्दही न बोलता घरची वाट धरली.