दुसरे स्वयंवर

मुख्याध्यापकाच्या टेबलाचा डावीकडचा खण म्हणजे जप्त मालाचे गोदाम. भोवरे, गोट्या, वहीत दडवलेली नटनट्यांची चित्रे असा माल पूर्वी तिथे जमा होई. आता मोबाईल जमा होतात. शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे आणि ती मोडण्यातला मुलांचा उत्साह अभ्यासापेक्षा दांडगा आहे. गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीचा मोबाईल असाच माझ्यापुढे आला. विज्ञानाच्या तासाला बाकाखाली धरून ती काहीतरी वाचत होती, अशी बाईंची तक्रार होती.

"काय वाचूलालीस?" मी विचारले. रागावलो की माझी प्रमाण मराठी सुटते आणि भालकीची बोली तोंडात येते.

"गोष्ट, सर. चित्रांची."

"कुणाची?"

"एका राणीची."

मी तिच्याकडूनच ते उघडून घेतले. चित्राखाली चित्र, त्याखाली चित्र. पान उलटायचे नाही, बोटाने वर सरकवत जायचे. ही कोरियातली तऱ्हा, तिला वेबटून म्हणतात, हे मला मागाहून कळले. मजकूर सारा इंग्रजी. मुलगी मराठी माध्यमाची, आई घरात कन्नड बोलणारी, वडील मराठी, आणि इंग्रजीत ती जेमतेम काठावर पास होणारी. हिला यातले कळते तरी काय, ते पाहावे म्हणून मी म्हणालो, "सांग बघू गोष्ट."

तिने सांगितली. भीत भीत सुरुवात केली आणि मग मुख्याध्यापक समोर आहे हेच विसरली. 'द रिमॅरीड एम्प्रेस' असे त्या कथेचे नाव. एका साम्राज्याची सम्राज्ञी आहे, नेविएर. राज्यकारभारात हुशार, कर्तव्याला चुकत नाही. सम्राट एक दुसरी बाई महालात आणून ठेवतो आणि पुढे राणीशी काडीमोड घ्यायचे ठरवतो. भर दरबारात तो विधी चालू असताना सगळ्यांना वाटते की ही आता रडेल किंवा विनवणी करील. ती शांतपणे सांगते की काडीमोड मान्य आहे. आणि लगेच त्याच दरबारात पुनर्विवाहाची परवानगी मागते. नवरदेव तिथेच हजर असतो, शेजारच्या राज्याचा.

"त्यांची ओळख कशी झाली?" मी विचारले.

"पक्ष्यामुळे, सर. एक पक्षी चिठ्ठ्या आणतो-नेतो. पण तो पक्षी म्हणजे तोच असतो!"

मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. पक्षी निरोप नेतो, मने जुळतात, मग नवऱ्याचा त्याग आणि दुसऱ्या लग्नाची घोषणा. ही तर आमची दमयंती! मी तिला नल-दमयंतीची कथा सांगू लागलो. मराठीत रघुनाथ पंडितांनी ती गायिली, कन्नडमध्ये कनकदासांनी 'नळचरित्रे' लिहिले. म्हणजे तिच्या आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घरची ही गोष्ट. तिला ती ठाऊक नव्हती. हा दोष तिचा नाही, माझ्यासारख्यांचा आहे. पण सांगता सांगता मी मध्येच अडखळलो, कारण मला चुलीत जळणारे एक पुस्तक आठवले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातून सुटून मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात गेले, आणि आमची भालकी म्हैसूर राज्यात राहिली. रूळ मात्र एकच राहिले. त्यामुळे मराठी पुस्तक हवे तर उदगीरहून आणि कन्नड हवे तर बीदर-गुलबर्ग्याहून, असा आमच्या घरचा रिवाज होता. उदगीरला कापडदुकानात मुनीम असलेले मामा रेल्वेने येताना माझ्या मोठ्या बहिणीसाठी, अक्कासाठी, चांदोबा आणत आणि कधीमधी अमर चित्र कथा. माझ्यासाठी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ. तो वेताळ मला फार प्रिय होता. आज पाहिले तर त्याची डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी बाई. पण गोष्टीत ती बहुधा कुणीतरी पळवून नेण्यासाठीच असे. अक्काला वेताळ मुळीच आवडत नसे. "ती बाई स्वतः कधी काई करत न्हाई का रे?" असे तिने एकदा विचारल्याचे आठवते.

अक्काच्या पुस्तकांतल्या बायका मात्र काहीतरी करीत. अमर चित्र कथेला आपण देवादिकांची आणि थोर पुरुषांची मालिका समजतो. तिचे जनक अनंत पै हे कर्नाटकातल्या कार्कळचे. १९६७ साली मालिका सुरू झाली. इंग्रजी मालिकेतले पहिले दहा क्रमांक सिंड्रेलासारख्या परदेशी परीकथांचे, आणि अकराव्या क्रमांकाला कृष्ण आला. पण त्यापुढचे अंक पाहा: बारावा शकुंतला, चौदावा सावित्री, सोळावा नल-दमयंती. म्हणजे पहिल्या सहा भारतीय अंकांपैकी तीन प्रेमकथांचे, आणि तिन्हींत गोष्ट पुढे नेते ती बाई. अर्थात सगळ्या राण्यांचा चेहरा एकच, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि पद्मिनीच्या जोहाराचे चित्रण असे की मरण हाच पराक्रम वाटावा. हे मला तेव्हा दिसले नाही, आज खटकते. तरीही दमयंतीला कमी लेखता येणार नाही. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम, चौघेही नळाचे रूप घेऊन मांडवात बसलेले असताना आपला माणूस ओळखणारी ती. रानात अर्धे वस्त्र कापून नवरा निघून गेल्यावर आधी माहेर गाठणारी आणि मग अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे दुसऱ्या स्वयंवराचा निरोप पाठवणारी ती. स्वयंवर खोटे होते, नळाला हुडकून काढण्यापुरते; पण ते शब्द तिने उच्चारले. राजाचा सारथी होऊन आलेल्या नळाने उलट तिलाच त्याबद्दल बोल लावला, हेही महाभारतात आहे.

ते नल-दमयंतीचे पुस्तक अक्काने ज्वारीच्या कणगीमागे लपवले होते. मला ते बघायला देईना, म्हणून मी रागाने जाऊन अप्पांना सांगितले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. अप्पा तापट नव्हते. त्यांनी पुस्तक चाळले, "पोरीच्या जातीला स्वयंवर कशाला पायजे?" म्हणाले आणि ते चुलीत सरकवले. त्या रंगीत कागदाच्या ज्वाळा हिरवट निघाल्या. अक्का माझ्याशी चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी बोलली.

दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. मुलीचे लग्नाचे वय कायद्याने अठरा होऊन दोन वर्षे उलटली होती, अक्का सतरा वर्षांची होती. लग्नपत्रिकेवर वय छापत नाहीत. सासर आळंदकडचे, घरात सारे कन्नड. तिला ते बोलता येई, वाचता येत नव्हते. दिराच्या मुलांसाठी कन्नड चंदमामा येई, आणि मामा इकडून मराठी चांदोबा पाठवत. १९४७ साली मद्रासेकडे तेलुगू आणि तमिळमध्ये निघालेले ते मासिक. १९४९ मध्ये कन्नड आवृत्ती आली, १९५२ मध्ये मराठी. चित्र तेच, गोष्ट तीच, खालची लिपी निराळी. खांद्यावर प्रेत घेतलेला विक्रमादित्य दोन्हीकडे सारखाच चालत असे. अक्का दोन अंक शेजारी ठेवून अक्षरे जुळवायची. वर्षभरात ती कन्नड वाचू लागली. एवढे स्वस्त आणि गोड भाषाशिक्षण मी पुढे कोणत्याच प्रशिक्षण वर्गात पाहिले नाही.

१९८४ साली नवऱ्याने दुसरी बाई आणली. कागद नाही, दरबार नाही, परवानगीचा तर प्रश्नच नाही. अक्का एक पत्र्याची पेटी घेऊन भालकीच्या गाडीला बसली आणि घरी आली.

१९९१ च्या दिवाळीत मामांनी एक स्थळ आणले. उदगीरकडचे प्राथमिक शिक्षक होते, बायको वारलेली. अक्काला त्यांनी कधीतरी मामांच्या घरी पाहिले होते. मी गुलबर्गा विद्यापीठात एम. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. दमयंतीच्या स्वयंवरावर वीस गुणांचे उत्तर लिहू शकत होतो. अप्पांनी मामांचे सारे ऐकून घेतले आणि "आपल्यात तसं करत न्हाईत" म्हणून विषय संपवला. आतल्या घरात अक्का भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी ओसरीवर बसून होतो. मला कोणी विचारले नव्हते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत आलो. अक्कालाही कोणी विचारले नव्हते.

त्या मुलीचा मोबाईल आठ दिवस खणात राहिला. तेवढ्यात मी माझ्या मुलीकडून या कथा मागवून वाचल्या. माझे मत विचाराल तर, दोष बरेच आहेत. महाल, झगे आणि दागिने यांचा अतोनात सोस. सम्राज्ञीला सोडले तरी तिच्यासाठी दुसरा राजाच तयार. उदगीरकडचा शिक्षक नाही. ती सवत, राष्टा तिचे नाव, पळून आलेली गुलाम मुलगी. तिला कथाकाराने दुष्ट करून टाकले. ज्या जिल्ह्यात बसवकल्याण आहे तिथे बसून हे वाचताना मला फार लागले. दुसरी एक, रेचल स्माइथ या बाईंची 'लोर ऑलिंपस', ग्रीकांच्या पर्सेफनीची. आमची सावित्री यमाशी वाद घालते, ही थेट मृत्युलोकाच्या राजाच्या प्रेमात पडते! तरी दोन्हींत मला रस वाटला, कारण भलाबुरा जो काही निर्णय होतो तो त्या बाईच्या तोंडून होतो, आणि आमची मुलगी त्या एका वाक्यासाठी शब्दकोश उघडते.

खरी खंत निराळी आहे. हे तिला इंग्रजीतून वाचावे लागते. चांदोबा बंद पडला, चंदमामाही. 'टिंकल'मध्ये २०१५ पासून विंगस्टार नावाची मिझोरमची तेरा वर्षांची नायिका आहे, पण तीही माझ्या हाती आली ती इंग्रजीतच. माझ्या शाळेच्या ग्रंथालयात दोन भाषांची चार कपाटे आहेत. चौदा वर्षांच्या मुलीने बाकाखाली लपवून वाचावे असे त्यांत एकही पुस्तक मला सापडले नाही.

आई मोबाईल न्यायला आली. "एन ओदताळ्री सर?" काय वाचते हो ही, असे तिने घाबरून विचारले. "राणी कथी," मी म्हणालो, आणि तिचा जीव भांड्यात पडला. मुलगी मागे उभी होती. जाता जाता तिने विचारले, "सर, दमयंतीला खरंच दुसरं लग्न करायचं असतं तर?" मी घड्याळाकडे पाहिले आणि तासाला जा म्हणालो.

अक्का आता बासष्ट वर्षांची आहे, माझ्याकडेच असते. परवा रात्री जेवणे झाल्यावर मी ती कथा मोबाईलवर लावली आणि तिच्याजवळ बसून मराठीत सांगत गेलो. ती चष्मा कपाळावर ढकलून चित्रे डोळ्यांजवळ नेऊन पाहत होती. पक्ष्याचे चित्र आले तेव्हा हसली, ओळखले तिने. दरबाराचे चित्र आले. राणीने काय मागितले ते मी सांगितले आणि माझे बोट तिथेच राहिले.

"दिली का परवानगी?" तिने विचारले.

"दिली."

"मग वर सरकव की. थांबलास कशाला?"