गावचा वळू आणि काकूंची वही

आज एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. तुमच्या गावात वळू आहे का? आणि असलाच, तर त्याची आई कोणाच्या दावणीची, हे गावात कोणाला ठाऊक आहे का?

पहिल्या प्रश्नाला आता बहुतेक ठिकाणी ‘नाही’ असेच उत्तर मिळते. दुसऱ्या प्रश्नाला तर लोक हसतात. मीही पूर्वी हसलो असतो. मी शेतीचा पदवीधर, पंचायत समितीत विस्तार अधिकारी. जनावरांचे काम खरे म्हणजे पशुवैद्यकाचे. पण खेड्यात माणूस जो साहेब पहिला दिसेल त्याच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडतो, आणि ते बरोबरच आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा, १९९०च्या सुमारास जन्मलेली वासरे संकरित असावीत असाच सगळीकडे आग्रह होता. जर्सी आणि होल्स्टीनच्या रेतमात्रा गावोगाव पोचत होत्या. गावठी वळूंचे चिमट्याने खच्चीकरण होई, आणि लोकांना गोळा करण्याचे काम माझ्याकडे असे. त्यात सगळेच चुकले असे मी म्हणणार नाही. दुधाच्या पैशावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या, मुलींची शिक्षणे झाली. पण आमच्या माणदेशात, जिथे खिलार हेच घराचे वैभव, तिथे चांगला आणि वाईट वळू एकाच चिमट्याखाली गेला. मग ट्रॅक्टर आला आणि वळूची आठवणही कोणी काढीना.

२००९ साली एका गावातली मंडळी माझ्याकडे आली. गावात खिलार गाई बऱ्याच उरल्या होत्या, पण फळवायला वळू नाही. गाय माजावर आली की टेम्पोत घालून लांब न्यायची. तोवर माज उतरलेला असे. वर्गणी काढून जातिवंत खोंड घ्यायचा ठरला. पुढच्या पौषात, म्हणजे २०१०च्या जानेवारीत, आम्ही खरसुंडीच्या यात्रेला गेलो. सिद्धनाथाच्या त्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार कसा भरतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दोन दिवस फिरून एक दुसा खोंड पसंत केला. लांबट तोंड, मागे वळलेली शिंगे, आखूड चकचकीत केस, काळे घट्ट खूर. मी त्याला चालवून पाहिले. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशात पडत होता. अंड दोन्ही सारखे भरलेले, स्वभाव शांत. जुन्या माणसांनी शिकवले ते सारे पाहिले. त्याच्या आईविषयी मात्र एक शब्दही विचारला नाही.

खोंड सांभाळायची जबाबदारी गावातल्या एका आबांनी घेतली. त्यांच्याकडे बांधायला जागा होती आणि हाताला जनावरांची सवय होती. पैसे घ्यायचे नाहीत, पण ज्याची गाय येईल त्याने पाटीभर पेंड किंवा कडब्याच्या पाच पेंढ्या द्यायच्या, असे ठरले. याचा हिशेब आबांच्या बायको, म्हणजे काकू, मुलीच्या जुन्या शाळेच्या वहीत ठेवू लागल्या. ‘वरच्या आळीची कोसी, पाच पेंढ्या.’ ‘मळ्यातली बांडी, पेंड येणे बाकी.’ पुढे तारीख. आम्ही पुरुष मंडळी त्या वहीला हसत असू. आबा म्हणायचे, “हिची उधारीची वही वळूपेक्षा जास्त दिवस जगंल.”

वासरे देखणी झाली. दोन-तीन वर्षांत आजूबाजूच्या वाड्यांवरूनही गाई येऊ लागल्या. माझ्या वरिष्ठांपुढे मी त्या गावाचे नाव अभिमानाने सांगत असे.

आता चूक सांगतो. खिलार कालवड उशिरा वयात येते, सुमारे तीन-साडेतीन वर्षांनी. आमच्या वळूची पहिली वासरे २०११ची. म्हणजे २०१४ साली त्याच्या स्वतःच्या मुली माजावर येणार, हे बोटावर मोजता येण्यासारखे होते. त्याआधी वळू बदलायला हवा होता. मी ते बैठकीत सांगितलेही. पण त्याच वर्षी ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या. खिलार खोंडाला शेतकामापेक्षा शर्यतीचेच गिऱ्हाईक जास्त उरले होते, तेही गेले. जुना वळू विकून काही हाती येईना, नव्यासाठी वर्गणी कोणी देईना. “साहेब, एक वरीस कळ काढा,” असे मंडळी म्हणाली आणि मी मान हलवली. ती मान मी हलवायला नको होती.

२०१५च्या उन्हाळ्यात एका विधवा बाईंची पहिलारू व्याली. घरात जनावर म्हणाल तर तेवढेच. वासरू पुढच्या दोन्ही पायांत वाकडे. उभे राहता येईना, आचळ तोंडात धरता येईना. बाईंनी चार दिवस बाटलीने दूध पाजले. पाचव्या दिवशी ते गेले. मी गेलो तेव्हा त्या मला काही बोलल्या नाहीत, फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला. गाय आमच्याच वळूची मुलगी होती आणि वासराचा बापही तोच.

वाकडे पाय होण्याची कारणे इतरही असतात, हे मला पशुवैद्यकांनी सांगितले. पण मला तेवढ्याने झोप लागेना. मी काकूंची वही मागितली. तीत सारे होते. कोणती गाय कधी लागली, कोणाकडे कालवड झाली, तीच कालवड पुन्हा कधी आणली. त्या वर्षात वळूच्या सात मुली त्याच्याकडेच परत आल्या होत्या. त्यांपैकी बऱ्याच जणींची वासरे अंगाने हलकी होती. दोन गाई पुन्हापुन्हा उलटत होत्या.

याचे शास्त्र अवघड नाही. प्रत्येक जनावराच्या रक्तात एखादा दोष झाकलेला असू शकतो. तो एकाच बाजूने आला तर बहुधा झाकलेलाच राहतो, दोन्ही बाजूंनी आला की उघडा पडतो. बाप आणि मुलगी एकत्र आली की तो दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. अशा वासरात अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के धरतात. गाय वर्षाकाठी एकच वासरू देते. वळू मात्र अख्ख्या गावाला वासरे देतो, त्यामुळे त्याचा गुण जसा घरोघर जातो तसा दोषही जातो. म्हणून वळू कितीही देखणा असो, तीन वर्षे झाली की तो गावातून हलवावा. विकत घ्यायला पैसे नसतील तर लांबच्या गावाशी अदलाबदल करावी. नाहीतर निदान त्याच्या मुली कृत्रिम रेतनाने दुसऱ्या खिलार वळूच्या रेतमात्रेने भरवाव्यात. त्या कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, तो मागून घ्या आणि लिहून ठेवा. आणि एक, वळूची ब्रुसेलोसिस व क्षयाची तपासणी करून घ्या. एक रोगी वळू सबंध गावाच्या गाई गाभडवू शकतो. घाण टाकणारी किंवा गाभडलेली गाय त्याच्याकडे आणूच नका, मग ती सरपंचाची का असेना.

२०२१च्या डिसेंबरात शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि खोंडांचे भाव चढले. आनंदच आहे. पण आता वळू निवडताना लोक फक्त पळ बघतात. नांगराला तासन्‌तास खांदा देणारे शांत जनावर आणि काही क्षणांत पल्ला मारणारे तापट जनावर, ही एकच गोष्ट नव्हे. असो, तो वेगळा विषय आहे.

आमचा वळू २०१६ साली मंगळवेढ्याकडच्या एका गावाला दिला आणि तिकडचा चौसा वळू आणला. जाताना काकूंनी त्याच्या कपाळाला कुंकू लावले, पुरणपोळी चारली आणि वहीत शेवटची ओळ लिहिली. आबा गोठ्यात गेले ते टेम्पो वळणाआड जाईपर्यंत बाहेर आलेच नाहीत.

नवा वळू दावणीला बांधला. काकूंनी वहीचे कोरे पान उघडले, वर तारीख घातली आणि माझ्याकडे पाहिले. “साहेब, ह्याच्या आईचं काय लिवू?”

मी गप्प झालो. एवढे सगळे होऊनही मी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकल काढली आणि मंगळवेढ्याची वाट धरली.