सात शब्द

सेमाडोहला शाळेवर रुजू झालो तेव्हा दिवेलागणीनंतर काय करायचं, हा प्रश्नच होता. मोबाईलला रेंज आली तर आली. म्हणून मग एक सवय लागली. शनिवारी घटांगचा घाट उतरून परतवाड्याला घरी जायचं, मराठी विकिस्रोतावरून जुन्या पुस्तकाची दहा-पंधरा पानं लॅपटॉपवर उतरवून घ्यायची, आठवडाभर रात्री तपासायची आणि पुढच्या रविवारी परत चढवायची.

लेखक वारल्यावर साठ वर्षांनी त्याचं पुस्तक आपल्या देशात सगळ्यांचं होतं. पण कुणीतरी ते नीट उतरवून ठेवल्याशिवाय लोकांच्या हाती पडत नाही. संगणक पानाचा फोटो वाचतो खरा, पण 'घ'चा 'ध' करतो, 'भ'चा 'म' करतो, रफार खातो. माणसानं एकदा तपासलं की पान पिवळं होतं. दुसऱ्यानं पुन्हा तपासलं की हिरवं. आपलं पान आपणच हिरवं करता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात इतिहासाचं एक जुनं पुस्तक हाती आलं. त्यात मुसलमानांसाठी जागोजागी 'अविंध' हा शब्द. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. लेखकाचा सूर असा, की प्रत्येक वेळी तो शब्द टोचायचा. एका रात्री मी तो खोडून 'मुसलमान' लिहिलं. सात ठिकाणी. इतक्या जुन्या पुस्तकात कोण बघायला बसलंय?

पुढच्या रविवारी पाहिलं, तर सातही ठिकाणी 'अविंध' परत आलेला. सोबत एका अनोळखी माणसाची ओळ: मूळ पानात असाच शब्द आहे.

मला राग आला. जेवताना अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "आज तू बदलला, कल दूसरा कोई बदलेगा. फिर अपना नाम किताब में था, ये किसको दिखाएगा?"

मी गप्प बसलो. मग श्रीगोंद्याचे शेख महंमद आठवले. 'योगसंग्राम' लिहिणारा हा संत स्वतःला अविंधच म्हणवून घेतो, आणि तसं म्हणत विठ्ठलाच्या भक्तांमध्ये उभा राहतो. माझ्यासारख्याच कुणी भल्या माणसानं त्यांच्या ओवीतला तो शब्द 'सुधारला' असता, तर ते कुठे उभे होते हे मला कधी कळलंच नसतं. लेखकाच्या मनात आमच्याविषयी काय होतं, हेही वाचणाऱ्याला कळायला हवं. त्याला उत्तर द्यायचं तर वेगळं लिहावं. तसं तर मी इथे लिहितोच आहे.

ती पानं आता हिरवी झाली आहेत. प्रत्येक पानाचा इतिहास उघडला की मी शब्द बदलल्याची नोंद दिसते. तीही कुणी पुसलेली नाही.