शोधगंगेस, नाशिकहून

प्रिय शोधगंगे,


तू भारतातल्या पीएचडी प्रबंधांचा खुला ऑनलाइन संग्रह; तुझं घर गांधीनगरला, इन्फ्लिबनेट केंद्रात. पण तुझ्या पोटात आमचा नाशिक जिल्हा बराच साठला आहे. कांद्याचे बाजार, द्राक्षशेती, आदिवासी पाडे, सगळ्यांवर प्रबंध आहेत. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो, तेव्हा असे प्रबंध बांधून यायचे आणि थेट कपाटात जायचे. वाचायचा तर आधी अर्ज. 2016 च्या नियमावलीत यूजीसीने पीएचडी जाहीर होण्याआधीच प्रबंधाची प्रत इन्फ्लिबनेटकडे देणं बंधनकारक केलं. आज सुरगाण्यातला मुलगाही तो मोबाईलवर उघडतो. हे फार मोठं काम आहे.

काळजी पुढची आहे. त्याच प्रबंधातून निघालेला शोधनिबंध वर्गणीच्या नियतकालिकात छापला, की पुन्हा कुलपात जातो. सर्वांना खुला हवा, तर बड्या नियतकालिकांत लेखकाने पैसे मोजायचे; ‘नेचर’ने 2020 मध्ये हा आकडा 9,500 युरो जाहीर केला. वाचकांच्या बाजूने, ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेसाठी केंद्राने तीन वर्षांचे 6,000 कोटी रुपये मंजूर केले आणि 2025 पासून शासकीय संस्थांमध्ये सुमारे 13,000 नियतकालिकं वाचता येऊ लागली. चांगलं झालं. पण ज्या निफाडच्या बागायतदाराच्या बागेत संशोधनाची पाहणी होते, त्याला त्यात जागा नाही. शिवाय ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ म्हणणाऱ्या भामट्यांचं या कोंडीत फावतं. त्यांच्या दारात एकाही विद्यार्थ्याने जाऊ नये, असं मला कळकळीने वाटतं.

बिनपैशाच्या वाटा आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची नियतकालिकं तिच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. अनेक प्रकाशक निबंधाचा स्वीकारलेला मसुदा विद्यापीठाच्या संग्रहात ठेवू देतात, काही ठिकाणी ठरावीक महिने थांबून. करारातलं ते कलम सही करण्याआधी वाचायचं असतं. गाईडने एवढं तरी शिकवावं.

तुझ्याकडे मागणं एकच. प्रत्येक प्रबंधासोबत त्या त्या राज्याच्या भाषेत दोन पानांचा सारांश माग. आमच्याकडे तो मराठीत हवा, आणि संशोधकानेच व्हायवाआधी लिहिलेला. साठवणुकीच्या चाळीत कांदा का सडतो, याचं उत्तर चाळवाल्याला वाचता आलं पाहिजे. विद्यापीठांनी असे सारांश द्यायला सुरुवात केली, तर नाशिकचे छापून गावोगावच्या वाचनालयांत पोचवण्याचं काम मी आनंदाने करीन.

तुझा,
नाशिकचा एक निवृत्त ग्रंथपाल