अंकल, पहनना है या जाँच बिठानी है?

भोपाळच्या शिवाजी नगरात पावसाळा आला की पादत्राणांचा निकाल लागतो. सरकारी क्वार्टर्सच्या मधल्या रस्त्यांवर झाडं इतकी दाट, की पाऊस थांबला तरी पानांतून टपटप चालूच राहते आणि पायाखाली ओल्या पाचोळ्याचा लगदा होतो. (२०२४ साली ही झाडं तोडून मंत्र्यांचे बंगले बांधायचा बेत निघाला होता. लोक रस्त्यावर उतरले, बेत बारगळला. त्यामुळे लगदा शाबूत आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.) कोल्हापुरी भिजली की फुगते, स्पोर्ट शू लवकर वाळत नाहीत आणि रबरी सँडल घालून लग्नाला जाऊ नये असं आमच्या घरचं मत आहे. अशात बोस्टनहून आलेल्या पुतण्याने परत जाताना सामान हलकं करायला आपले बोट शू माझ्याकडे सोडले. माप एकच.

वरून पाहिलं तर साधा तपकिरी मोकॅसिन. कातड्याचा मोठा तुकडा पायाखालून दोन्ही बाजूंनी वर वळवलेला आणि बोटांवर दुसरा तुकडा ठेवून जाड दोऱ्याने शिवलेला. दोन्ही अंगांना नाडीची दोन-दोनच भोकं. पण नाडी तिथे संपत नाही. कातड्याची ती वादी कडेकडेने आतबाहेर होत थेट टाचेला वळसा घालते. पुढून ओढली की सगळा जोडा पायाला आवळतो. पायजम्याच्या नाडीचंच तत्त्व. तळ पांढरा, कारण काळ्या रबराचे डाग नावेच्या डेकवर उमटतात. आणि तोच तळ वाकवून पाहिला की सुरीने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा उघडतात.

खरी करामत त्या चिरांची. अमेरिकेतल्या कनेटिकटचा पॉल स्पेरी हा हौशी नाविक एकदा ओल्या डेकवरून घसरून पाण्यात पडला होता. पुढे हिवाळ्यात त्याचा प्रिन्स नावाचा कुत्रा बर्फावरून बिनधास्त पळताना त्याने पाहिला, पंजा उलटून बघितला तर गादीवर भेगाच भेगा. तशाच चिरा त्याने रबरात कापल्या आणि १९३५ साली जोडा बाजारात आणला. ओल्या जागी पाय पडला की पाण्याचा पातळ थर त्या चिरांत शिरतो आणि रबर खाली टेकतं, एवढंच त्यामागचं विज्ञान. त्याचा पहिला जोडा कॅनव्हासचा होता. कातड्याचा पाठोपाठ आला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलानेही तो आपल्या खलाशांना दिला.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने भाचीला सांगितलं. ती बोट क्लबवर शिडाची नाव चालवायला शिकते. तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मामा, हे घालून नावेत कुणी बसत नाही रे." ती घालते घोट्याच्या वरपर्यंत येणारे निओप्रीनचे बूट. छोट्या नावेत पाय पट्ट्यात अडकवून अंग बाहेर झोकून द्यायचं असतं, पट्टा पायाच्या पाठीवर रुततो आणि नावेत पाणी असतंच. बोट शू आहे तो डेकवर उभं राहणाऱ्याचा, चालणाऱ्याचा. भोपाळच्या राष्ट्रीय सेलिंग स्कूलमध्ये तयार झालेल्या हर्षिता तोमरने २०१८च्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं, नेहा ठाकूरने २०२३ मध्ये रौप्य. दोघीही छोट्या नावेच्या. म्हणजे आमच्या बड्या तालाबावर जे नाव हाकतात ते बोट शू घालत नाहीत आणि जे घालतात ते काठावर भुट्टा खात असतात. अमेरिकेतही ऐंशीच्या दशकापर्यंत हा जोडा नाव सोडून कॉलेजांच्या आवारात राहायला गेला होताच.

पावसाळ्यासाठी दुसरा जोडा घ्यावा म्हणून न्यू मार्केटात गेलो. तिथे नाडी न बांधता घालता येतो तो प्रत्येक जोडा 'बोट शू'. एक निघाला ड्रायव्हिंग शू: तळाला रबरी दाणे आणि ते टाचेवरून मागे वर चढलेले, कारण मोटार चालवताना टाच जमिनीवर घासते. ओल्या फरशीवर त्याचा उपयोग नाही. दुसऱ्याला नाडीची तीन भोकं आणि खाली खोल खाचांचा जाड काळा तळ. ही टिंबरलँडने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस रूढ केलेली चाल. चिखलाच्या पायवाटेला उत्तम, मला जरा जड. तिसरा दिसायला हुबेहूब पुतण्याच्या जोड्यासारखा, पण पुढून नाडी ओढली तर टाचेपाशी काही हलेना. कडेची वादी नुसती शोभेला चिकटवलेली. मग मी एकेक जोडा वाकवून तळाच्या चिरा शोधू लागलो. दुकानातला पोरगा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "अंकल, पहनना है या जाँच बिठानी है?" उभी हयात सरकारी नोकरीत गेलेल्या माणसाला हे लागायचं कारण नव्हतं. चिरा सापडल्या त्या निळ्या कॅनव्हासच्या जोड्याला, दुकानातल्या सगळ्यांत स्वस्त.

कातडी जोड्याचा एक टाका उसवला होता, तो सहा नंबर मार्केटजवळच्या मोचीदादांनी मेण लावलेल्या दोऱ्याने घालून दिला. नाडी सारखी सुटते म्हणताच त्यांनी नाडीची दोन्ही टोकं तिच्याचभोवती गुंडाळून पिळाच्या गाठी मारल्या आणि बांधाबांधीच संपवली. अमेरिकेतही अशाच गाठी मारतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही.

बडा तालाब १६६६.८० फुटांच्या खुणेला आला की भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात आणि अर्धं भोपाळ छत्र्या घेऊन पाणी पाहायला जातं. मीही गेलो, कॅनव्हास घालून. ओल्या काँक्रीटवर, फरशीवर, लोखंडी जाळीवर पाय पक्का बसत होता. वाटेत प्रेमपुरा घाटावर हिरव्या पायऱ्या उतरू लागलो आणि तिसऱ्याच पायरीला कठड्याला लटकलो. चिरा पाणी बाजूला सारतात, शेवाळ नाही. शेवाळ त्यांच्यात भरून बसतं आणि तळ गुळगुळीत होऊन जातो. शेजारून एक नाववाला अनवाणी, पायाची बोटं पसरून, खांद्यावर दोर घेऊन आरामात उतरून गेला. कोकणातले खलाशीही मी असेच चालताना पाहिले आहेत.

आता कातडी जोडा दिवाळीपर्यंत कपाटात, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून. कॅनव्हासचा दाराबाहेर, मोज्याविना घालायचा असल्याने त्याला घरात प्रवेश नाही, हा बायकोचा हुकूम. त्याच्याशेजारी एक जुना टूथब्रश ठेवला आहे. सहा नंबरवरून भाजी घेऊन आलो की नळाखाली तळ वाकवायचा आणि चिरांतला पाचोळा काढायचा.