गार आहे, वारा नाही

प्रत्येकाला आपण थोडेफार वैद्य आहोत असे वाटत असते. मला मी मोटारवैद्य आहे असे वाटते. गाडी जरा कुरकुरली, की झाकण उघडण्याआधीच माझे निदान तयार!

गेल्या मे महिन्यात आईला नाशिकहून नांदगावला, धाकट्याकडे पोचवायला निघालो. दोनच दिवसांपूर्वी गाडीचे नेहमीचे सर्व्हिसिंग झाले होते. चांदवड मागे पडले आणि ध्यानात आले, की एसीची घरघर तेवढी मोठी; गारव्याचा पत्ता नाही. मनमाड येईतो ऊन अंगात उतरले. आई पदराने वारा घेत होती. पण तक्रार नाही.

"गॅस गेला," मी निकाल दिला.

१९०२ साली विलिस कॅरिअरने हे यंत्र योजले ते ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, कागद दमटू नये म्हणून. माणसांना गारवा हा नंतरचा विचार. माझी गाडी त्या परंपरेला जागत होती इतकेच!

नांदगावात शिरताच एक गॅरेज दिसले. तिथल्या पोरसवदा मेकॅनिकला म्हटले, "गॅस भर."

त्याने आधी झरोक्यापुढे हात धरला. "काका, येतोय तेवढा वारा गारच आहे. गॅस गेला असता, तर वारा भरपूर आला असता, पण कोमट. इथं वाराच अडलाय."

डॅशबोर्डचा खण उतरवून त्याने आतला फिल्टर ओढून काढला. नवाकोरा, पण प्लॅस्टिकच्या पिशवीसकट बसवलेला! पिशवी फाडून त्याने तो परत सारला, आणि मागच्या सीटवर आईचे पांढरे केस भुरभुरू लागले.

"तुझी निदानं अशीच असतात रे," आई म्हणाली.

ती गाडीविषयी बोलत नव्हती. घराची वाटणी झाल्यापासून दोन वर्षे धाकट्याचा फोन नव्हता. आईच्या जाण्यायेण्याचे बेतसुद्धा जावाजावांतच ठरत. माया आटली, असा निकाल मी केव्हाच देऊन टाकला होता. हात पुढे करून मात्र कधी पाहिला नव्हता.

धाकटा तांब्या घेऊन दारातच उभा होता.

"दादा, केव्हाची वाट पाहतोय."

आवाज अगदी बारीक आला. पण तांब्यातले पाणी गार होते.